सागरी साहस : परवाना कोणाचा, जबाबदारी कोणाची?

कयाक ही मुळात उत्तर ध्रुवाकडील शिकारी माणसाची होडी. ग्रीनलंड आणि कॅनडा येथील इन्युइट लोकांनी लाकडाच्या किंवा हाडाच्या सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून ती बनविली आणि तिच्या आधाराने शतकानुशतके पोट भरले. होडी उलटली तर बाहेर न पडता, कमरेच्या आणि वल्ह्याच्या एका झटक्यात तिला पुन्हा सुलटी करण्याची जी विद्या आज क्रीडाप्रकार म्हणून शिकविली जाते, ती त्या लोकांच्या दृष्टीने घरी जिवंत परतण्याची विद्या होती. ती लहानपणापासून शिकावी लागे आणि शिकविणारे घरचेच असत. मुलाला अर्धवट शिकवून समुद्रात धाडण्यात बापाचा काहीच फायदा नव्हता. आता ही होडी प्लॅस्टिकची झाली आहे, तासाच्या भाड्याने मिळू लागली आहे, आणि शिकविणारा व शिकणारा यांचे नाते दुकानदार आणि गिऱ्हाईक यांचे झाले आहे. या बदलात बापाच्या काळजीची जागा कोणी घ्यावयाची, हा प्रश्न वरवर वाटतो तितका क्रीडाक्षेत्राचा नाही. तो मुख्यतः बाजाराचा आणि कायद्याचा आहे.

विद्या किती अवघड आहे याची कल्पना एका उदाहरणावरून यावी. जिनो वॉटकिन्स या तरुण ब्रिटिश संशोधकाने १९३०-३१ च्या मोहिमेत ग्रीनलंडवासीयांकडून कयाक चालविण्याची कला आत्मसात केली होती आणि उलटलेली होडी सुलटी करण्यात तो तरबेज मानला जाई. १९३२ च्या ऑगस्टमध्ये तो एकटाच सीलच्या शिकारीस गेला. त्याची कयाक पाण्यावर तरंगताना सापडली. तो सापडला नाही. त्याचे वय त्या वेळी अवघे २५ वर्षांचे होते. जाणकाराचीही ही गत होऊ शकते म्हणून नवशिक्याने समुद्राकडे पाहूच नये असे कोणी म्हणणार नाही. परंतु एकट्याने जाऊ नये, सोबत असणाऱ्याला उलटलेल्या माणसास पुन्हा होडीत बसविता आले पाहिजे, त्याच्याजवळ ओढण्याची दोरी असली पाहिजे, आणि परतण्याची वेळ किनाऱ्यावर कोणाला तरी ठाऊक असली पाहिजे, हे नियम अशाच अनुभवांतून ठरत गेलेले आहेत.

खडकाळ किनाऱ्यावर या नियमांचे महत्त्व दुणावते. वाळूच्या पुळणीवर चूक झाली तर लाट बहुधा माणसाला किनाऱ्याकडेच लोटते. कड्यांच्या किनाऱ्यावर उतरायला जागा नसते. लाट खडकावर आपटून परत फिरते आणि येणाऱ्या लाटेशी तिची गाठ पडून पाणी कोणत्याही दिशेने उसळते. त्याहून फसवा असतो तो जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा वारा. कड्याच्या आडोशाला समुद्र तळ्यासारखा शांत दिसतो, आणि या शांततेवर विश्वास ठेवूनच नवशिके पाण्यात उतरतात. आडोसा सुटला की वारा होडीची पाठ धरतो. जितके बाहेर जावे तितकी लाट मोठी, आणि परतायचे झाले तर वल्हे वाऱ्याच्या तोंडावर मारावे लागते. किनाऱ्यावरून पाहणाऱ्याला यातले काही दिसत नाही, कारण लाटांची पाठ त्याच्याकडे असते.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर लाइम उपसागरात २२ मार्च १९९३ रोजी नेमके हेच घडले. प्लिमथ शहरातील एका माध्यमिक शाळेची आठ मुले, त्यांचे एक शिक्षक आणि एका खाजगी साहस केंद्राचे दोन प्रशिक्षक असे ११ जण लाइम रेजिसहून चारमथपर्यंत निघाले. अंतर जेमतेम दोन-अडीच मैलांचे. दुपारच्या जेवणापर्यंत पोहोचावयाचे होते. थोड्याच वेळात शिक्षकांची कयाक उलटू लागली. तेही मुलांइतकेच नवखे होते. एक प्रशिक्षक त्यांना सावरण्यात गुंतला. दुसऱ्याने मुलांच्या होड्या एकमेकींना धरून ठेवल्या आणि हा जथा वाऱ्याबरोबर बाहेर वाहत गेला. बसण्याच्या जागेवर ताणावयाचे जलरोधक आच्छादन होड्यांना नव्हते, त्यामुळे प्रत्येक लाट आत शिरत होती. एकेक होडी भरली, उलटली. मार्च महिन्यात त्या भागातील पाणी दहा अंश सेल्सिअसच्याही खाली असते. लाइफ जॅकेट माणसाला तरंगत ठेवते, ऊब देत नाही. संकटकाळी उडवावयाचे दारूचे बाण बरोबर नव्हते, बिनतारी यंत्र नव्हते, आणि निघण्यापूर्वी तटरक्षक दलाला कळविलेही नव्हते. ठरलेली वेळ टळून तीनएक तास उलटल्यावर केंद्राने मदतीची हाक दिली. चार मुले दगावली.

चौकशीत जे बाहेर आले ते अधिक विचार करावयास लावणारे आहे. दोघा प्रशिक्षकांजवळ ब्रिटिश कनू युनियनची जी पात्रता होती ती 'एक-तारा' चाचणीची, म्हणजे शांत पाण्यात होडी हाकता येते एवढेच सांगणारी. ती शिकणाऱ्याची पहिली पायरी. शिकविण्याचा अधिकार तिने मिळत नाही. त्याच केंद्रात पूर्वी काम केलेल्या दोन प्रशिक्षकांनी वर्षभर आधीच नोकरी सोडली होती आणि सुरक्षिततेची साधने अपुरी आहेत, हे असेच चालले तर एखादे मूल घरी परतणार नाही, अशा आशयाचे पत्र कंपनीच्या व्यवस्थापकीय संचालकाला लिहिले होते. पत्र वाचले गेले. कारभार तसाच राहिला. १९९४ च्या डिसेंबरात विंचेस्टर येथील न्यायालयाने ओ.एल.एल. लिमिटेड या कंपनीला सदोष मनुष्यवधाबद्दल दोषी ठरविले. इंग्लंडच्या इतिहासात एखादी कंपनी या गुन्ह्यासाठी दोषी ठरण्याची ही पहिली वेळ. कंपनीला ६० हजार पौंड दंड आणि संचालकाला तीन वर्षांची कैद झाली. अपिलात ती दोन वर्षांवर आली.

कंपनी दोषी ठरली, याचे कारण ती लहान होती, हेही येथे नमूद केले पाहिजे. १९८७ साली झीब्रुग बंदराबाहेर 'हेरल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज' ही प्रचंड प्रवासी नौका दार उघडे राहून उलटली आणि १९३ माणसे मेली. तिच्या मालक कंपनीवरचा असाच खटला १९९० मध्ये कोसळला, कारण एवढ्या मोठ्या डोलाऱ्यात ज्याच्या मनाला कंपनीचे मन म्हणता येईल असा एकही दोषी अधिकारी दाखविता आला नाही. साहस केंद्राच्या बाबतीत मालक, व्यवस्थापक आणि पत्र मिळालेला माणूस एकच होता. जबाबदारी वाटली गेली की विरून जाते, हा अनुभव ब्रिटिश कायद्याला दुरुस्त करावयास आणखी बराच काळ लागला. कंपन्यांच्या मनुष्यवधाचा स्वतंत्र कायदा २००७ साली झाला.

एक नालायक मालक सापडला, त्याला शिक्षा झाली, असे म्हणून प्रकरण मिटविणे सोपे आहे. अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला मात्र त्यात एक ओळखीचा आकृतिबंध दिसल्यावाचून राहणार नाही. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखविले की, मालाचा दर्जा विकणाऱ्याला ठाऊक आणि घेणाऱ्याला अज्ञात असेल तर चांगला माल हळूहळू बाजारातून हद्दपार होतो. कारण गिऱ्हाईक चांगल्या मालाची किंमत द्यायला तयार नसते आणि वाईट मालवाल्याला कमी किंमतही परवडते. (या विवेचनासाठी त्यांना २००१ मध्ये नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला.) समुद्रात नेणाऱ्या प्रशिक्षकाचे कौशल्य हा असाच माल आहे. होडीचा रंग, जॅकेटाचा नवेपणा, जेवणाची व्यवस्था या गोष्टी पालकाला दिसतात. प्रशिक्षकाला वारा वाचता येतो की नाही, हे दिसत नाही. मग केंद्रे ज्या गोष्टी दिसतात त्यांवर खर्च करतात आणि ज्या दिसत नाहीत त्यांवर काटकसर करतात, यात आश्चर्य ते काय?

त्यात आणखी एक भर पडते. हॉटेलातील अन्न वाईट असेल तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी तक्रार करते. समुद्र मात्र बहुतेक दिवस शांत असतो. ओढण्याची दोरी न घेता शंभर सहली सुखरूप परततात, आणि प्रत्येक सुखरूप सहल मालकाच्या मनात दोरीची गरज नसल्याचा पुरावा म्हणून जमा होते. अनुभवाने शहाणपण येते हे इतर धंद्यांत खरे असेल. येथे अनुभवाने बेफिकिरी येते. शिवाय प्रशिक्षकाला शिकवावयाचे तर खर्च कोणी करावयाचा? गॅरी बेकर यांनी १९६४ साली प्रसिद्ध झालेल्या मानवी भांडवलावरील ग्रंथात दाखविल्याप्रमाणे, जे कौशल्य कामगार उद्या दुसऱ्या मालकाकडे घेऊन जाऊ शकतो त्याचा खर्च पहिला मालक करीत नाही. हंगामापुरती नेमलेली विशीतली पोरे, अल्प वेतन आणि दोन-चार आठवड्यांची तोंडओळख ही स्थिती या हिशेबातून आपोआप निघते. म्हणून एका मालकाला तुरुंगात घातल्याने दुसरा सावध होईल, परंतु प्रशिक्षक तयार होणार नाहीत.

ब्रिटनमध्ये संसदेने हे ओळखले, तेही सरकारच्या पुढाकाराने नव्हे. प्लिमथच्या एका खासदाराने मांडलेल्या खाजगी विधेयकातून १९९५ चा कायदा झाला आणि १९९६ पासून साहस केंद्रांना परवाना सक्तीचा झाला. पैसे घेऊन १८ वर्षांखालील मुलांना गुहाशोध, गिर्यारोहण, पदभ्रमण आणि जलक्रीडा यांसाठी नेणाऱ्या केंद्राची प्रत्यक्ष पाहणी होते. पाहणारे निरीक्षक त्या त्या विषयातील जाणकार असतात. प्रमाणपत्र आहे की नाही एवढ्यावर ते थांबत नाहीत, ते कोणत्या पाण्यासाठी आहे हेही पाहतात. बंद तळ्यात शिकविण्याची पात्रता वेगळी, उघड्या समुद्राची वेगळी, भरतीच्या जोरदार प्रवाहाची आणखी वेगळी. लाइम उपसागरात जी चूक झाली ती प्रमाणपत्राच्या अभावाची नव्हती, चुकीच्या पाण्यातल्या प्रमाणपत्राची होती. पालकाला जे दिसत नाही ते त्याच्या वतीने पाहणारा आणि ज्याचा त्या सहलीत पैसा गुंतलेला नाही असा एक त्रयस्थ, एवढेच या व्यवस्थेचे सार.

या व्यवस्थेला मर्यादा आहेत. प्रौढांच्या सहली तिच्या बाहेर आहेत. शाळा स्वतःच्या विद्यार्थ्यांना किंवा स्वयंसेवी मंडळे स्वतःच्या सभासदांना नेतात तेव्हा परवाना लागत नाही. २०१० साली लॉर्ड यंग यांनी पंतप्रधानांना दिलेल्या अहवालात, परवान्याचा बोजा रद्द करून सुरक्षिततेच्या सर्वसाधारण कायद्यावर भिस्त ठेवावी, अशी शिफारस केली. भीतीपोटी शाळांनी सहलीच बंद केल्या तर मुलांचे नुकसान होते, हा त्यामागचा मुद्दा काही खोटा नव्हता. तथापि परवाना टिकला. त्याच्यामुळे केंद्रे बंद पडली नाहीत. उलट, शिक्षकाला निर्धास्तपणे निवड करण्याचे एक साधन मिळाले. निर्बंधांमुळे धंदा बुडतो असे म्हणणाऱ्यांनी याची दखल घ्यावी.

हे सर्व महाराष्ट्राला दूरचे वाटण्याचे कारण नाही. सातशेहून अधिक किलोमीटर लांबीच्या कोकण किनाऱ्यावर विजयदुर्ग-देवगडपासून मालवणपर्यंत कातळकडे समुद्रात उतरलेले आहेत, आणि गेल्या काही वर्षांत तारकर्ली, देवबागपासून अलिबागपर्यंत भाड्याच्या कयाक दिसू लागल्या आहेत. त्या बहुतेक आत शिरून बसण्याच्या नव्हेत, वर बसण्याच्या आहेत. उलटल्या तर माणूस अडकत नाही. पाणीही उबदार आहे. म्हणून धोका कमी झाला असे वाटते. परंतु वाऱ्याचा नियम तोच आहे. पहाटे मतलई वारे समुद्राकडे वाहतात, पाणी नितळ दिसते, आणि भाड्याची पहिली होडी त्याच वेळी निघते. उधाणाची ओहोटी खाडीच्या मुखातून किती जोराने बाहेर ओढते, हे पुण्या-मुंबईहून आलेल्या पाहुण्याला ठाऊक नसते. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याच्या एका महाविद्यालयाचे १४ विद्यार्थी बुडाले. ते कोणत्याही साहसाला गेले नव्हते, केवळ सहलीला आलेले होते.

शासनाने काहीच केले नाही असे मात्र नाही. हिमालयात साहस शिबिरासाठी गेलेला मुलगा गमावलेल्या पालकांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली, तिचा रेटा दीर्घकाळ राहिला, आणि २०२१ च्या ऑगस्टमध्ये राज्याचे साहसी पर्यटन धोरण जाहीर होऊन जमीन, हवा व पाणी या तिन्ही ठिकाणच्या उपक्रमांना नोंदणी आवश्यक झाली. धोरण स्वागतार्ह आहे. पण नोंदणी करणार कोण? पर्यटन संचालनालय, म्हणजे ज्या खात्याचे यश पर्यटकांच्या संख्येवर मोजले जाते तेच खाते. त्याच खात्याच्या छत्राखालील महामंडळ स्वतःही जलक्रीडा चालविते. उत्तेजन देणारा, विकणारा आणि तपासणारा एकाच छताखाली असेल, तर ब्रिटनने जो त्रयस्थ निर्माण केला तो येथे कोठे आहे? तेथे हे काम आज पर्यटनाशी संबंध नसलेल्या, कामगारांच्या सुरक्षिततेसाठी नेमलेल्या यंत्रणेकडे आहे. महाराष्ट्रात ते सागरी मंडळाकडे असावे की एखाद्या स्वतंत्र मंडळाकडे, यावर मतभेद होऊ शकतील. पर्यटन खात्याकडे नसावे, यावर होऊ नयेत.

दुसरा प्रश्न लहान माणसाचा आहे आणि तो अधिक नाजूक आहे. नोंदणी, विमा, प्रमाणपत्रे यांचा खर्च दोन होड्यांच्या मालकाला आणि दोनशे होड्यांच्या मालकाला जवळपास सारखाच पडतो. म्हणजे नियम कडक केले की मालवणचा कोळ्याचा मुलगा बाहेर फेकला जाणार आणि शहरातील भांडवलदार आत येणार. हा अन्याय तर आहेच, शिवाय मूर्खपणाही आहे. कारण त्या किनाऱ्यावर वारा वाचता येणारा माणूस कोणी असेल तर तो तांडेल आहे. भांगाची भरती कोणती, उधाण कोणते, नारळी पौर्णिमेआधी होडी का सोडावयाची नाही, हे त्याला कोणी पुस्तकातून शिकविलेले नाही. त्याच्याजवळ नसते ते दुसरे ज्ञान : घाबरलेल्या नवशिक्याला हाताळण्याचे, उलटलेल्यास पुन्हा चढविण्याचे, बुडालेल्याच्या छातीवर दाब देऊन श्वास सुरू करण्याचे. हे काही आठवड्यांत शिकविता येते. वारा वाचणे काही आठवड्यांत शिकविता येत नाही. गोव्यात केंद्र सरकारची राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आहे, तारकर्लीला महामंडळाचे सागरी प्रशिक्षण केंद्र आहे. बेकर यांचा हिशेब खरा मानला तर या शिक्षणाचा खर्च मालक करणार नाही आणि तांडेलाच्या मुलाला तो झेपणार नाही. तो सरकारनेच केला पाहिजे. किनारी पर्यटनाच्या जाहिरातींवर होणाऱ्या खर्चातून तो सहज निघावा.

राहिला प्रश्न शाळा-महाविद्यालयांचा. सहलीपूर्वी पालकांकडून संमतिपत्र घेण्याची पद्धत सार्वत्रिक आहे आणि त्यात बहुधा एकच गोष्ट ठसठशीत असते : काही बरेवाईट झाल्यास संस्था जबाबदार राहणार नाही. इंग्लंडमध्ये १९७७ च्या कायद्यापासून निष्काळजीपणाने झालेल्या मृत्यूची वा इजेची जबाबदारी अशा कलमाने झटकताच येत नाही. भारतातही पैसे घेऊन दिलेल्या सेवेतील न्यूनतेबद्दल ग्राहक संरक्षण कायद्याखाली दाद मागता येते. पण ती मागावयाची वेळ येते तेव्हा फार उशीर झालेला असतो. संमतिपत्राचा उपयोग उलट्या दिशेने होऊ शकतो. पालकाने सही करावी, पण त्याआधी त्या कागदावर सहल नेणाऱ्याने लिहून द्यावे, की प्रशिक्षकाचे प्रमाणपत्र कोणते आणि ते कोणत्या पाण्यासाठी आहे, किती मुलांमागे एक प्रशिक्षक आहे, वारा अमुक दिशेचा असेल तर सहल रद्द करण्याचा अधिकार कोणाला आहे, आणि परतण्याची वेळ किनाऱ्यावर कोणाला कळविली आहे. शिक्षकालाही या कागदाचा आधार होईल. आज त्याला मुख्याध्यापकाच्या आणि सहल कंपनीच्या दोहोंच्या आग्रहापुढे 'नको' म्हणण्यासाठी हातात काहीच नसते. असा नमुना तयार करून शाळांना पाठविण्यास विधेयक लागत नाही की अंदाजपत्रकात तरतूद लागत नाही. शिक्षण खात्याच्या एका परिपत्रकाचे ते काम आहे, आणि सहलींचा हंगाम दिवाळीनंतर लगेच सुरू होतो.